गेलेली पत परत मिळवताना

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



या व्याख्यानमालेत मी ‘कापड व्यवसायातील चाळीस वर्षे’ या विषयावर बोलावे, अशी चिटणीसांची इच्छा होती. मी त्यांच्याकडे विषय बदलून मागितला आणि त्यांनी कारण न विचारता तो दिला, याबद्दल त्यांचा आभारी आहे. कारण आता सांगतो. या न्यासाचा कोषाध्यक्ष म्हणून मी नऊ वर्षे काम पाहिले. त्यातील अखेरची दोन वर्षे माझी स्वतःची पत बँकांच्या लेखी पार रसातळाला गेलेली होती, आणि आपणांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते. न्यासाच्या एका पैलाही धक्का लागलेला नाही, हिशेब दरवर्षी तपासले गेलेले आहेत, हे आधीच नमूद करतो. नाहीतर पुढचे सगळे ऐकताना आपले लक्ष तिकडेच राहील. पण ज्या माणसाच्या सहीने न्यासाचे धनादेश वटत होते, त्याला स्वतःच्या मुलीसाठी बँकेने कर्ज नाकारले होते, ही वस्तुस्थिती आहे.

आमच्या वडिलांच्या काळी पत ही पेठेत असे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसवली. तेव्हापासून या गावचा व्यापार मोठ्या प्रमाणात शब्दावर चालत आला. इचलकरंजीचा माल आडत्याकडून उधारीवर यायचा, मुदत ठरलेली असायची. मुदत टळली तर आडत्या दुकानी येऊन बसायचा, चहा प्यायचा, विचारपूस करायचा. घरात आजारपण आहे, लग्न आहे, पाऊस लांबल्याने खेड्यातले गिऱ्हाईक उतरलेले नाही, हे त्याला दिसत असे. तो मुदत वाढवून देई. क्वचित चारचौघांत बोलून अब्रूही घेई. पण जे काय होई ते माणसामाणसांत होई. एकदा पत गेली की गेली, असे वडील म्हणत, आणि त्या बाजारात ते खरेही होते, कारण पेठेची स्मरणशक्ती दोन-दोन पिढ्यांची असे. कोणाच्या आजोबांनी कोणाचे किती बुडवले, हे मला आजही तोंडपाठ आहे. (घाबरू नका, नावे घेणार नाही.)

आज जिला आपण ‘सिबिल’ म्हणतो, ती पत निराळी आहे. सिबिल हे खरे तर एका कंपनीचे नाव आहे. ती २००० साली स्थापन झाली. पुढे २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. बँका, वित्त कंपन्या आणि क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था आपल्या कर्जाची माहिती त्यांना पाठवतात, आणि त्या माहितीवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो. गंमत अशी की, या साऱ्या प्रकाराच्या मुळाशी आपल्याच धंद्यातला एक माणूस आहे. न्यूयॉर्कमधील रेशमाचे व्यापारी लुईस टॅपन यांची भावासोबतची पेढी १८३७ च्या मंदीत उधारीपायी अडचणीत आली, आणि १८४१ मध्ये त्यांनी गावोगावच्या व्यापाऱ्यांच्या पतीची माहिती जमवून पुरवणारी पेढी काढली. म्हणजे उधारीत पोळलेल्या कापडवाल्यानेच हे चोपडे प्रथम उघडले.

आता माझी हकीकत.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण सर्वांनी पाहिला आहे. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. माझे दुकान वाचले, पण गोदाम तळमजल्यावर होते. दिवाळीसाठी भरलेला माल, साड्यांचे गठ्ठे, शर्टिंगचे तागे, सगळे कित्येक दिवस पाण्यात राहिले. पाणी ओसरल्यावर शटर उघडले, तेव्हा आलेला वास मी आयुष्यात विसरणार नाही. जो माल थोडाफार बरा होता तो आम्ही गच्चीवर वाळवला. बाकीचा किलोच्या भावाने गेला. विम्याच्या कागदावर दुकानाचा पत्ता होता, गोदामाचा नव्हता. चूक माझीच. बी.कॉम. झालेला माणूस मी; विम्याचे प्रकरण परीक्षेला होते.

इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांचे देणे डोक्यावर होते. ते सगळे ओळखीचे, त्यांच्या घरच्या लग्नांना आम्ही जेवलेलो. मी एक वैयक्तिक कर्ज काढले, क्रेडिट कार्डावरूनही रक्कम उचलली, आणि दिवाळीपूर्वी बाजारातली पै न् पै चुकती केली. पेठेत माझे नाव झाले. पुरात माल गेला तरी शब्द पाळला, असे लोक म्हणाले, आणि मलाही त्याचा अभिमान वाटला. ज्यांची तोंडे रोज दिसतात त्यांचे देणे मी प्रथम फेडले. ज्या बँकेला तोंड नाही, तिचे पाहता येईल, असा माझा हिशेब होता.

वास्तविक नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्या कर्जदाराला मुदत वाढवून द्यावी, कर्जाची पुनर्रचना करावी, यासाठी रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. मी चौकशीसुद्धा केली नाही. अर्ज दिला तर बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडून बातमी पेठेत फुटेल, ही भीती. त्यानंतर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती, ती मी घेतली. पण सवलतीच्या काळातही व्याज चढत असते, हे सप्टेंबरात खाते उघडून पाहिल्यावर उमगले. लग्नसराई बुडालेली, दुकानात गिऱ्हाईक नाही. वैयक्तिक कर्जाचे तीन हप्ते लागोपाठ चुकले. कार्डाची बाकी १ लाख ४८ हजारांवर गेली.

२०२१ च्या आरंभी वसुलीवाल्याचा दूरध्वनी आला. बोलायला गोड माणूस. म्हणाला, ८५ हजार एकरकमी भरा, प्रकरण मिटवून टाकू. मला तो देवमाणूसच वाटला. पैसे भरले, पत्र आले, मी ते कपाटात ठेवून दिले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पेठेत तडजोड म्हणजे दोन्ही बाजूंनी हात जोडून विषय संपवणे. परंतु पतमाहितीच्या वहीत खाते ‘बंद’ झाले आणि खाते ‘सेटल्ड’ झाले या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘बंद’ म्हणजे पूर्ण फेड. ‘सेटल्ड’ म्हणजे या गृहस्थाने सगळे दिले नाही, सावकाराने उरलेल्यावर पाणी सोडले. पुढची प्रत्येक बँक तो शब्द वाचते. वसुलीवाल्याने हे सांगितले नाही. आणि मीही विचारले नाही.

जून २०२२ मध्ये धाकट्या मुलीला पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी बाहेरगावी प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाला पालक सहकर्जदार लागतो. मी कागदपत्रे घेऊन गेलो. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने पडद्यावर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “काका, तुमचा स्कोअर ५४८ आहे. घरात दुसरे कोणी आहे का?” मुलगी शेजारच्या खुर्चीवर होती.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी आणखी पाच ठिकाणी अर्ज केले. हाही अडाणीपणाच. कर्जासाठी अर्ज केला की ती संस्था आपला अहवाल मागवते, त्याची नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा नोंदी साचल्या की माणूस पैशासाठी वणवण फिरतो आहे, असा अर्थ काढला जातो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र काहीच बिघडत नाही. मला उलटेच वाटत होते, म्हणून अर्ज भराभर केले आणि अहवाल पाहिला नाही. अखेरीस थोरले बंधू सहकर्जदार म्हणून उभे राहिले. दादांनी एक प्रश्नही विचारला नाही, फक्त पेन मागितले. ते दुकानात परत आले आणि नेहमीप्रमाणे गादीवर बसले. त्या रात्री प्रथमच मी सौभाग्यवतींना सर्व काही सांगितले. तोवर पुराला तीन वर्षे होत आली होती.

पुढचे सगळे तिच्यामुळे झाले, हे सांगायला मला संकोच नाही. ती म्हणाली, आधी वही बघू. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. २०१७ पासून तशी सोय आहे. आम्ही चारही अहवाल काढले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. सिबिलच्या अहवालात प्रत्येक कर्जासमोर महिन्यांची घरे असतात, तीन वर्षांची छत्तीस. हप्ता वेळेवर असेल तर घरात तीन शून्ये. नसेल तर किती दिवस थकला तो आकडा. माझ्या वैयक्तिक कर्जासमोर ३०, ६०, ९० असे आकडे ओळीने उभे होते, जणू कुणी पायऱ्या मांडल्या आहेत. कार्डासमोर ‘सेटल्ड’. एका नातलगाच्या वाहनकर्जाला मी जामीन राहिलो होतो, तेही तिथे होते, आणि त्याचे दोन हप्ते उशिरा गेलेले. जामीन म्हणजे लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी शोभेची सही, असा आपल्याकडे समज आहे. तो किती खोटा आहे, हे मला तेव्हा कळले. आणि शेवटी, सात वर्षांपूर्वी फेडलेल्या स्कूटरच्या कर्जावर १,१४० रुपये बाकी असल्याची एक नोंद. ती तर शुद्ध चूक होती.

जे तिथे नव्हते, तेही सांगण्यासारखे आहे. आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेत मी अठरा वर्षे व्यवहार केला, तीन कर्जे घेतली, एकही हप्ता चुकवला नाही. त्याची ओळसुद्धा नाही. सहकारी बँका पतमाहिती कंपन्यांना माहिती देतात, पतसंस्थांची माहिती सहसा तिथे पोहोचत नाही. संस्थेच्या नावातच पत आहे, पण वहीत नाही. सौभाग्यवतींची बावीस वर्षांची भिशी, एकदाही खंड नाही, तिचीही नोंद कुठे नाही. आणि पुरानंतर मी अभिमानाने फेडलेले इचलकरंजीचे देणे, ज्यासाठी हे सारे ओढवून घेतले, त्याचा त्या चार अहवालांत एक शब्द नव्हता.

स्कूटरच्या नोंदीबद्दल तक्रार केली. जुना बेबाकी दाखला कागदांच्या गठ्ठ्यात सापडला, हे नशीब. पतमाहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते, ती हो म्हणाली की बदलते. माझ्या वेळी यात अडीच महिने गेले. आता नियम कडक झाला आहे. २६ एप्रिल २०२४ पासून तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. याच सुमारास ‘सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणणारे एक गृहस्थ मला भेटले होते. आठ हजार मागत होते. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही आणि खोटी नोंद पुसायला पैसे लागत नाहीत. मग आठ हजार कशाचे, हे त्यांना विचारले तेव्हा ते पुन्हा फिरकले नाहीत.

कार्डाचे प्रकरण कठीण होते. मी कंपनीला लेखी कळवले की, तडजोडीत सोडलेले ६३ हजार रुपये मला भरायचे आहेत. ते घेऊन खाते पूर्ण फेडीने बंद झाल्याचे पत्र द्यावे आणि तशी नोंद करावी. सोडलेले पैसे कोणी आपणहून द्यायला येतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. तीनदा पत्र लिहावे लागले. आमचे काही आप्त, ज्यांना मी नंतर हे सांगितले, म्हणाले की तुला वेड लागले आहे, माफ झालेले कोण भरतो? मला विचाराल तर ते माफ झालेलेच नव्हते, फक्त कोणी मागत नव्हते. पैसे सौभाग्यवतींच्या भिशीतून आले. त्या महिन्याचा नंबर तिने मागून घेतला. पत्र हातात पडेपर्यंत आम्ही रक्कम भरली नाही, आधी त्यांच्याकडून लेखी घेतले, हे ज्यांना असे करायचे असेल त्यांनी लक्षात ठेवावे.

जुने मिटले तरी नवे लिहिल्याशिवाय वही सुधारत नाही. कर्ज मिळत नाही म्हणून चांगली नोंद होत नाही, आणि चांगली नोंद नाही म्हणून कर्ज मिळत नाही, असा तिढा होता. तो एका मुदत ठेवीने सोडवला. २५ हजारांची ठेव तारण ठेवून बँकेने २० हजार मर्यादेचे कार्ड दिले. त्यावर फक्त दुकानाचे वीजबिल आणि स्कूटरचे पेट्रोल, महिन्याला चार-पाच हजार, यापलीकडे काही नाही. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावे, असे बँकेतले जाणकार सांगतात. देयक आले की किमान रक्कम न भरता पूर्ण रक्कम भरायची, आणि शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी. वैयक्तिक कर्जाचा हप्ता ज्या खात्यातून जातो, त्यात दोन हप्त्यांइतकी रक्कम कायम पडून ठेवली. कापडाच्या धंद्यात एक महिना तुडुंब आणि तीन महिने कोरडे. हप्ता मात्र दर महिन्याला सारखाच. आमच्या दुकानाचा रोजमेळ मी चाळीस वर्षे लिहितो आहे, पण घरच्या हप्त्यांची वही तेव्हा प्रथम घातली.

आकडा हलायला वेळ लागला. पहिले चार महिने तर तो जागचा ढळला नाही, आणि मी दर आठवड्याला पाहत बसे, तेव्हा सौभाग्यवतींनी मोबाईल काढून घेतला. वर्षभराने ६३४ झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात ७०२. २०२५ च्या प्रारंभी ७५१. कंपन्यांकडे माहिती निदान सात वर्षे राहते, त्यामुळे माझे ९० दिवस कुठेतरी आहेतच. पण त्या छत्तीस घरांत दर महिन्याला एक नवे घर पुढे जोडले जाते आणि मागचे एक दिसेनासे होते. पेठेला असे विसरता येत नाही. मी वर म्हटले तसे, कोणाच्या आजोबांनी काय केले हे मला पाठ आहे. हे यंत्र पुराची कहाणी ऐकून घेत नाही, ते मला त्या काळी फार अन्यायाचे वाटले. पण ते आकसही धरत नाही. मी कोणाचा कोण, हे न विचारता त्याने दर महिन्याची तीन शून्ये मुकाट्याने लिहून घेतली. १ जानेवारी २०२५ पासून तर संस्थांनी निदान पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी, असा नियम झाला. तेव्हा आता सुरुवात करणाऱ्याची भरलेली बाकी माझ्यापेक्षा लवकर दिसेल.

समाजातील तरुणांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. ज्यांनी कधीच कर्ज घेतलेले नाही, त्यांचा आकडा वाईट नसतो, तो नसतोच. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्या कर्जाचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. तेव्हा आकडा तयार व्हावा म्हणून हप्त्याने मोबाईल घेण्याची घाई नको.

आपल्या समाजात कर्ज फेडण्याची वृत्ती आहे, ती मला शिकवावी लागणार नाही. अडचण निराळी आहे. पुरानंतर आपल्या पेठेतल्या किती घरांत अशी पत्रे कपाटात ठेवलेली असतील, याचा मला अंदाज आहे, कारण गेल्या वर्षभरात सहा जण माझ्याकडे आले. सहाही रात्री आठनंतर आले, आणि एकाने तर चप्पल जिन्यात ठेवली, बाहेरून दिसू नये म्हणून. त्यांतील दोघांच्या पत्नींना अजून काही ठाऊक नाही. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः तीन वर्षे तसाच होतो, आणि त्यातली निदान दोन वर्षे वाचली असती. २०२२ साली मी कोषाध्यक्षपद सोडले, तेव्हा प्रकृतीचे कारण दिले होते. विश्वस्त मंडळाने त्या वेळी माझा सत्कार केला, शाल दिली. ते कारण खरे नव्हते, हे आज या व्यासपीठावरून सांगतो आहे.

विश्वस्तांनी परवानगी दिली आहे, म्हणून पुढच्या चार रविवारी सकाळी दहा ते बारा मी न्यासाच्या कार्यालयात बसणार आहे. पॅन कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल घेऊन यावे. अहवाल कसा काढायचा आणि कसा वाचायचा, एवढे मी दाखवीन. पासवर्ड मला सांगू नये, तो आपला आपण टाकावा. शक्य झाल्यास जोडीने यावे.

मुलीला नोकरी लागली आहे, हप्ते सुरू झाले आहेत आणि ते तीच भरते. सहकर्जदार म्हणून नाव अजूनही दादांचेच आहे. माझा आकडा सुधारल्यावर मी बँकेत नाव बदलण्याबद्दल विचारून पाहिले. दादांनी ऐकले आणि म्हणाले, राहू दे, तिला सांग माझा आकडा सांभाळायला. दर महिन्याच्या तीन तारखेला ती त्यांना हप्ता गेल्याचा निरोप पाठवते.